फुगा बसला

बारामती, १५ नोव्हेंबर १९९८

चि. रणजित,

तुझा मस्कतचा पत्ता तुझ्या मुंबईच्या वसतिगृहाच्या रखवालदाराकडून मिळवला. त्यानं आधी विचारलं, तुम्ही कोण. मी म्हटलं, मामा. तो म्हणाला, "पत्ता मागायला येणारे सगळे मामाच असतात." तेव्हा उत्तर पाठव, म्हणजे निदान त्या गृहस्थापुढे माझं नातं सिद्ध होईल.

तुझ्या वडिलांची प्रकृती कळवतो. तू विचारणार नाहीस आणि तुझी आई कळवणार नाही, म्हणून हे उभयान्वयी अव्ययाचं काम माझ्याकडे आलं. दोघांच्या मध्ये उभं राहायचं आणि स्वतः बदलायचं नाही. दाजींचे टाके पूर्ण सुकले. पोटावर वीतभर उभी शिवण आहे. आल्यागेल्याला सदरा वर करून दाखवतात आणि म्हणतात, "पोत्याचं तोंड शिवत्यात तसं शिवलंय, पर उसवायचं न्हाय." कारखान्याचा हंगाम सुरू झाला, तसे उसाच्या गाड्या तोलण्याच्या काट्यावर पुन्हा रुजू झाले. दुपारच्या डब्यात दोन भाकरी असत, आता अर्धी असते. उरलेल्या दीड भाकरीची जागा ते बोलण्यानं भरून काढतात.

ऑगस्टात दवाखान्याच्या व्हरांड्यात तू आणि आक्का एकमेकांना काय बोललात, ते तुला पाठ असेल. तरी लिहितो, कारण त्या वेळी तुम्ही दोघंही बोलत होता, ऐकत मी एकटाच होतो.

आक्का म्हणाली, "निळी झाली म्हणून त्याच दिशी निरोप धाडला. तुझा उलटा निरोप आला, काळजी करू नगा. म्हणून पाच दिस गप बसले."

तू म्हणालास, "मी असं कधी म्हणालो? मला तर सगळं छान आहे असं कळलं होतं. निळी झाली हे मला कुणीच सांगितलं नाही."

"म्हंजी मी खोटी."

"मी तसं म्हणालो नाही, आई."

"न्हाय म्हणालास, पर तसंच झालं. बापाच्या पोटात फुगा तू घातलास, आन् खोटी मी."

मग तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, शाळेत फोन गेणबानं घेतला होता, त्यानं चिठ्ठी अर्धवट लिहिली असणार.

तर दोष असला तर आमच्या शाळेच्या शिपायाचा. तू आईवर धरू नकोस, आईनं तुझ्यावर धरू नये. तिला हे मी सांगत असतो. ती ऐकत असते आणि पातेली घासत असते.

तिकडे खजूर चांगले मिळतात म्हणे. वाळवंटात राहून माणसं कोरडी होतात असं मी ऐकलं नव्हतं.

तुझा सिद्ध न झालेला
सोनबामामा


बारामती, ५ जानेवारी १९९९

चि. रणजित,

पहिल्या पत्राला उत्तर नाही. रखवालदाराचं म्हणणं खरं ठरत चाललं आहे.

काल सणसरला गेलो होतो. आक्काच्या हातची बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. दाजींनी समोर बसून माझे घास मोजले. जेवण झाल्यावर मला काट्यावर घेऊन गेले. रिकाम्या काट्यावर एकटे उभे राहिले आणि आतल्या पोराला ओरडून विचारलं, "किती दावतंय?" तो म्हणाला, "एकशेवीस, तात्या." तो काटा दहा किलोच्या पटीतच बोलतो, हे तुला ठाऊक आहे. जूनमध्ये एकशेचाळीस म्हणाला होता, ऑगस्टात दवाखान्यातून आल्यावर एकशेवीस, आणि तेव्हापासून एकशेवीसच. दाजी म्हणतात, "आत एकशेपंधराच्या आसपास आसंल, पर काटा अर्धं बोलत न्हाय." मी म्हटलं, वेदवाक्यही असंच असतं, ठोकळ.

तिथून परत येताना जूनमधले दिवस आठवले. दोन्ही गुडघे गेलेले, झोपेत श्वास अडकायचा, आणि आक्का उशाशी बसून त्यांना हलवून श्वास घ्यायला लावायची. तू आलास आणि म्हणालास, परदेशातून एक फुगा आला आहे. दुर्बिणीतून पोटात सोडायचा, आत पाणी भरायचं, निम्मं पोट आधीच भरलेलं राहतं, भूक कमी लागते. सहा महिन्यांनी काढून टाकायचा. दाजी म्हणाले, "म्हंजी पोट भाड्यानं द्यायचं." हसत हसत मुंबईला गेले. मी तेव्हा गंभीरपणे सांगितलं होतं की गणपतीला लंबोदर म्हणतात तो बहुव्रीही समास आहे, आणि फुगा घातल्यावर तुमचाही होईल. कुणी हसलं नव्हतं. तसा तो विनोद नव्हताच.

परत आल्यावर पहिला आठवडा काय झालं ते तू फोनवर ऐकलंसच. पाणी प्यायले तरी उलटी. डोळे खोल गेले. तू सलाईन लावायला सांगितलंस, गोळ्या बदलल्यास, आणि रोज म्हणायचास, "थोडे दिवस त्रास होणार. एकदा फुगा नीट बसला की थांबेल." तेव्हापासून घरात तो मंत्रच झाला. मी भेटलो की पहिला प्रश्न, फुगा बसला का? आक्का म्हणायची, बसंल. दाजी म्हणायचे, त्याला जागा आवडंना. उलट्या थांबल्या तरी कळ यायची, ढेकर यायचे, आणि आम्ही जुलैअखेरपर्यंत तेच विचारत राहिलो. फुगा बसला का?

आणि तुझी दुसरी सूचना. फुग्यातल्या पाण्यात निळा रंग आहे. फुगा गळला तर रंग रक्तातून लघवीत उतरेल. निळी किंवा हिरवट दिसली की त्याच दिवशी कळवायचं; सणसरहून मुंबईचा फोन लागत नसे, म्हणून माझ्या शाळेमार्फत. तू हे आईकडून तीनदा म्हणून घेतलंस. मी बाजूला होतो. मी म्हटलं, शंकराचा कंठ निळा झाला, दाजींचं निळेपण दुसऱ्या टोकाला. यावर मात्र दाजी हसले होते.

एक सांगायचं राहिलं. संक्रांत जवळ आली म्हणून गेणबा परवा आक्काकडे ऊस मागायला गेला होता. नेहमी जातो. तिनं ऊस दिला, चार टिपरी जास्तच दिली. पण त्याला बस म्हणाली नाही. तो माणूस दारात उभा राहून ऊस घेऊन परत आला. मला म्हणाला, "सर, पंधरा वर्सं झाली, आक्काच्या घरी मी उभा न्हाय राहिलो कधी."

थंडी जास्त आहे इकडे.

सोनबामामा


बारामती, १६ फेब्रुवारी १९९९

चि. रणजित,

तुझं पत्र मिळालं. सात ओळी आहेत, त्यांतल्या दोन पत्त्याच्या. पण रखवालदारापुढे माझी मान ताठ झाली.

तू लिहितोस, कंपनीच्या दवाखान्यात सर्दी-ताप बघतोस, बरं चाललंय. दुर्बीण पुन्हा हातात धरायची नाही असं ठरवलं आहेस. एप्रिलअखेर तीन वर्षांच्या करारावर सही करणार आहेस. आणि शेवटी एकच प्रश्न: 'आईनं त्या दिवशी फोनवर नेमके कोणते शब्द सांगितले होते, ते तुला ठाऊक आहे का, मामा?'

चिठ्ठी हरवली, रणजित. शाळेत कागद किती फिरतात. गेणबाला विचारलं तर तो म्हणतो, जे सांगितलं ते लिहिलं. प्रत्येक लेखनिक असंच म्हणतो, आणि जगातल्या सगळ्या हस्तलिखितांत चुका आहेत.

त्यापेक्षा दुसरी गोष्ट सांगतो. मागच्या आठवड्यात दाजींना घेऊन आपल्या बारामतीच्या सर्जनकडे तपासणीला गेलो होतो. दाजींना पलंगावर झोपवून त्यांनी शिवण दाबून पाहिली, पोट वाजवून पाहिलं, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, त्या मुलाचं काय झालं हो, मुंबईचा?"

मी म्हटलं, मस्कतला गेला.

ते म्हणाले, "त्या रविवारी तुमचे दाजी आले तेव्हा पोट नगाऱ्यासारखं घट्ट होतं. एक्स-रेत आतडी फुगलेली दिसत होती, पण अडलंय काय ते दिसेना. असली वस्तू मी जन्मात पाहिली नव्हती. पोरानं फोनवर सांगितलं, फुगा रिकामा होऊन पोटातून खाली सरकला असणार, लहान आतड्याच्या शेवटी, जिथं ते मोठ्याला मिळतं, तिथं बघा. खाली ढकलत न्यायचा प्रयत्न करू नका, आतडं फाटेल. त्याच्या थोडं वर, चांगल्या जागी छेद घ्या आणि बाहेर काढा. आणि आधी नाकातून नळी घालून पोट मोकळं करा, नाहीतर भूल देताना उलटी छातीत जाईल. आवाज कापत होता त्याचा, पण एकही पायरी चुकला नाही. मी नुसता हात चालवला."

दाजी पलंगावरून म्हणाले, "आन् वीतभर आतडं?"

"ते काळं पडलं होतं. काढावं लागलं."

"त्येची जागा रिकामी हाय म्हंजी," दाजी म्हणाले. "फुग्याबिगर बी आता बसंल तेवढंच खातो."

हे तुला कळावं म्हणून लिहिलं. तू दुर्बीण खाली ठेवतोस ती नेमकी कशामुळे, हे मला कळत नाही.

हे शेवटचं वाक्य खोटं आहे. पण शाई वाळली.

सोनबामामा


बारामती, २१ मार्च १९९९

चि. रणजित,

या पत्रात विनोद सापडला तर तो सवयीचा आहे, हेतूचा नाही.

गेणबा या महिनाअखेर निवृत्त होतो. काल शाळा सुटल्यावर त्यानं माझ्या वर्गाला कुलूप लावलं आणि किल्ली हातात घेऊन तिथंच उभा राहिला. म्हणाला, "सर, एक इचारू?"

"विचार."

"त्या चिठ्ठीत मी काय चुकीचं लिवलं हुतं? आक्का मला बस म्हणत न्हायत. हेडबाई म्हणत्यात, गेणबा, लिहिताना ध्यान ठेवत जा. मी मनात धा येळा ती चिठ्ठी लिवून बघितली. मला चूक घावंना. तुमी संस्कृतवाले, तुमी सांगा."

मी म्हटलं, चूक नव्हती.

"मग?"

मग मी घरी आलो आणि कपाटातलं धातुरूपांचं पुस्तक काढलं. त्यात ती चिठ्ठी आहे. हरवली नव्हती. तिच्यात जे आहे ते आता तुला सांगतो, आणि त्या दिवशी मी काय केलं तेही, क्रमानं.

मंगळवार, ११ ऑगस्ट. चौथा तास, नववी ब. बहुव्रीही शिकवत होतो. फळ्यावर लिहिलं होतं: नीलकंठ, निळा आहे कंठ ज्याचा तो. गेणबा दारात आला, चिठ्ठी दिली, गेला. तिच्यावर होतं: 'म्हाळसाआक्का सणसर. फुगा बसला.'

मी वाचलं आणि मला आनंद झाला. दोन महिने घरात जो प्रश्न चालला होता, त्याचं उत्तर आलं होतं. बसला. स्थिर झाला. तुझा शब्द, तू फोनवर रोज म्हणायचास तो. आमच्या शास्त्रात अनुवृत्ती म्हणतात. मागच्या सूत्रातला शब्द पुढच्या सूत्रात आपोआप चालत येतो, पुन्हा सांगावा लागत नाही. मी तुझा 'नीट' आक्काच्या वाक्यात चालत आणला.

मधल्या सुटीत तुला पोस्टकार्ड लिहिलं: 'फुगा छान बसला. काळजी नसावी.' ते कार्ड तुझ्याकडे असेल. 'छान' हा शब्द आक्काचा नाही, गेणबाचाही नाही. माझा आहे. मला वाक्य उघडं ठेवता येत नाही, त्याला विशेषण नाहीतर क्रियाविशेषण चढवल्याशिवाय चैन पडत नाही. नुसतं 'फुगा बसला' लिहिलं असतं, तर तू थांबला असतास, फोन केला असतास. तू सणसरात वाढलास. ट्रॅक्टरची ट्यूब बसली म्हणजे काय झालं, हे तुला कुणी शिकवावं लागलं नसतं.

आणि मी कळस गावात वाढलो. वडिलांच्या मेंढरांमागं फिरताना सायकलचं चाक बसलं की ती दोन कोस हातात धरून नेलेली आहे मी. बसलं म्हणजे हवा गेली. चपटं झालं. हा अर्थ मला कुठल्याही कोशाच्या आधी ठाऊक होता. तो मी कधी विसरलो, हे सांगता येत नाही. पुण्याच्या पाठशाळेत पहिल्या वर्षी माझ्या 'हितं' आणि 'तितं'वर पोरं हसायची, तेव्हा बरंच काही विसरायचं ठरवलं होतं. त्यात हेही गेलं असावं.

संध्याकाळी सणसरच्या फोनवाल्याकडे आक्कासाठी निरोप ठेवला: 'रणजितला कळवलं आहे. काळजी करू नका.' तिनं तो तुझा निरोप समजला. का समजू नये? तू सांगून गेला होतास की गावच्या डॉक्टरांकडे जाऊ नका, त्यांना यातलं ठाऊक नसेल, मला कळवा. तिनं कळवलं. तिचा विश्वास तुझ्यावर होता, म्हणून ती पाच दिवस निळ्याकडे बघत गप्प बसली. दाजींना म्हणत राहिली, "रणजितला ठावं हाय." मंगळवारी तो फुगा पोटातच होता. त्या दिवशी मुंबईला नेलं असतं, तर तू तो तोंडावाटे दुर्बिणीनं काढला असतास आणि दाजी दुसऱ्या दिवशी घरी आले असते.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला मी पोरांकडून एक श्लोक म्हणवून घेतला. एकही विसर्ग चुकला नाही.

सोळाला रविवारी पहाटे दाजींना जीपमधून आणलं. दवाखान्यात कुणी म्हणालं, रक्तगट लिहून द्या. कागद हवा म्हणून खिशात हात घातला, तर तीच चिठ्ठी आली. कोरी बाजू हवी म्हणून उलटी केली. ती कोरी नव्हती. मागे गेणबाच्या अक्षरात होतं: 'निळी होतीया. बिगीनं कळवा.'

रक्तगट मी तळहातावर लिहिला.

ते मागे का लिहिलं, हे आज सकाळी त्याच्या घरी जाऊन विचारलं. तो म्हणाला, "चिठ्ठी हेडबाईंच्या टेबलावरनं न्यावी लागती, सर. बाईमाणसापुढं तसलं कसं दावायचं? म्हणून मागं लिवलं. आन् तो शब्द बी न्हाय लिवला, नुसतं निळी. म्हटलं, सर शिकल्यालं हायती, उलटून बघतीलच."

तेवीस वर्षं मी पोरांना सांगतो, पान उलटा, प्रश्न मागेही आहेत.

आता शेवटचं, आणि हे सगळ्यांत वाईट. दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात तुम्ही दोघांनी माझ्याकडे पाहिलंत, तेव्हा मला सगळं ठाऊक होतं. चिठ्ठी सदऱ्याच्या खिशात होती. मी म्हणालो, गेणबानं अर्धवट लिहिली असणार. 'असणार' म्हटलं, 'आहे' म्हटलं नाही. खोटं बोलतानाही व्याकरण सांभाळलं.

फुगा गळणं तुझ्या हातात नव्हतं. तू आधीच सांगितलं होतंस की तो गळू शकतो, आणि गळला तर कसं ओळखायचं. आईनं ओळखलं. तिनं कळवलं. तिनं बरोबर शब्द वापरला, गेणबानं बरोबर लिहिला. तुम्हा तिघांच्या मध्ये एकच माणूस चुकला आणि तोच सगळ्यांत जास्त शिकलेला होता.

तू सही करायची ती कर किंवा करू नकोस. पण वडिलांच्या पोटात तू संकट घातलंस, असं समजून करू नकोस. करारावर खोट्या आधारावर सही करू नये, एवढं मला वकील नसून कळतं.

उद्या सणसरला जातो. आक्काला सांगायचं आहे. मग गेणबाला, सगळ्या शिक्षकांसमोर, त्याच्या निरोपाच्या दिवशी.

सोनबामामा


बारामती, ११ एप्रिल १९९९

चि. रणजित,

सांगितलं.

आक्का चुलीपुढं होती. मी चिठ्ठी तिच्या हातात दिली. ती चौथीपर्यंत शिकली आहे, सावकाश वाचते. पुढचं वाचलं, उलटून मागचं वाचलं. लक्षात घे, तिनं स्वतःहून उलटलं. मग मी 'छान'चं सांगितलं, फोनवाल्याकडच्या निरोपाचं सांगितलं, व्हरांड्यातलं सांगितलं. ती भाकरी थापत राहिली. एक भाकरी तव्यावर करपली, तिनं काढली नाही. तेवढ्यावरून मला कळलं की ती ऐकते आहे.

हाताचं पीठ झटकून म्हणाली, "सोनबा, आपल्या कळसात चाक बसलं म्हंजी काय व्हतंय?"

"हवा जाते, आक्का."

"मग?"

मी चुलीतलं लाकूड उगाच आत सारलं.

"आईनं गळ्यातली पुतळ्यांची माळ मोडून तुला पुण्याला शिकाय धाडला," ती म्हणाली. "समदी भाषा शिकलास. बहिणीची तेवढी ऱ्हायली."

दाजी पलीकडे बाजेवर होते. म्हणाले, "आगं, जाऊ दे. मेलो न्हाय ना मी?"

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "तुमाला काय, तुमी तर भूल घिऊन निजला हुता. आठ म्हयनं माझं पोरगं दूर ग्येलं आन् मी त्या गेणबाला दारात उभा केला."

निघताना ती मला जेव म्हणाली, पण बस म्हणाली नाही. मी उभ्यानंच अर्धी भाकरी खाल्ली. करपलेली होती. ती मलाच यायला हवी होती.

एकतीस मार्चला गेणबाचा निरोप-समारंभ झाला. मला त्याच्या सेवेबद्दल दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी चिठ्ठी वाचून दाखवली, दोन्ही बाजू. हेडबाईंनी मागची बाजू ऐकताना खिडकीबाहेर पाहिलं, त्याअर्थी गेणबाची सावधगिरी योग्यच होती. गेणबा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, मला फकस्त घरात सांगितलं असतं तरी चाललं असतं." मग नारळ आणि शाल घेऊन खाली बसला.

त्याच आठवड्यात आक्का स्वतः बारामतीला आली. माझ्याकडे नाही, गेणबाच्या घरी. टोपलीत ज्वारी आणि वर साखरेची पुडी. ती तिथं बसली, चहा प्याली, आणि मग त्याला म्हणाली, "आता तू आमच्याकडं ये आन् बस." हे मला गेणबानं सांगितलं, आणि सांगताना त्याचा आवाज सर्जननी फोनवर ऐकलेल्या तुझ्या आवाजासारखाच झाला होता.

जाताना ती आमच्या दारात आली. आत आली नाही. म्हणाली, "रणजितला पत्र लिवतोस ना? कागद दे." मी म्हटलं, सांग, मी लिहितो. ती म्हणाली, "तू न्हाय. मी." उंबऱ्यावर बसून पाऊण तास लिहीत होती. मी वाचलं नाही. खरं म्हणजे वाचायचा प्रयत्न केला, तर तिनं कागदावर हात आडवा धरला.

म्हणून हे पत्र मी याच कागदाच्या उरलेल्या बाजूवर लिहितो आहे. शेवटच्या चार ओळी शिल्लक आहेत. मला तुला सांगायचं होतं की सही करू नकोस. पण तुला पुन्हा माझ्या शब्दांत निरोप द्यावा, असा माझा अधिकार उरलेला नाही. पाकीट टपालात टाकायला गेणबा घेऊन चालला आहे. निवृत्त झाला तरी ऐकत नाही. बंद करण्याआधी त्यानं पत्र उलटसुलट करून पाहिलं. म्हणाला, "सर, मागं बी हाय हं. आपण सांगितलेलं बरं."

तेव्हा सांगतो. मागे पाहा.

सोनबामामा


(मागच्या बाजूला)

रणजित,

फुगा बसला म्हणून मी त्याच दिशी सांगितलं हुतं. तुला न्हाय पोचलं. तू खोटा न्हाईस मी बी न्हाय. व्हरांड्यात लई बोलले. ते माझ्या मनात ऱ्हातंय.

तुझ्या बापाचं पोट बरं हाय. डाक्टर म्हणलं पोरानं फोनवर वाचवला. मला कुणी सांगितलंच न्हाय ह्ये. तुझा बाप बी आता सांगतोय.

सही कर न्हायतर करू नगं. तुझं तू बघ. मामावर राग धरू नगं, त्यो लई शिकल्याला हाय म्हणून आसं झालं.

येशील तवा दारात उभा ऱ्हाऊन बोलायचं न्हाय. आदी बस. मी भाकरी टाकते.

आई